बाटली गळली नव्हती

उंदरांच्या मुताचा वास माझ्या नाकाला आता कळतसुद्धा नाही. बावीस वर्षं झाली इथे प्रयोगशाळेत काम करतेय. नवे विद्यार्थी प्राणिघराचं दार उघडलं की तोंडावर हात धरतात, एकदोघं तर पहिल्याच दिवशी भडाभडा ओकलेत. मला तिथे कधी मळमळलं नाही. मला मळमळतं ते तिसऱ्या मजल्यावर, सेकिमोतो सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या प्राध्यापकांच्या, खोलीत. तिथे ताज्या चहाचा आणि धुतलेल्या गालिच्याचा वास असतो. भिंतीवर सेन्सेईंच्या शोधनिबंधांची पहिली पानं चौकटीत घालून लावलीत, त्यातल्या सहा पानांवर चौथ्या-पाचव्या जागी माझंही नाव आहे, ओत्सुबो. सहाही वेळा बरोबर छापलंय, एवढंच काय ते कौतुक.

सांगायचंय ते मात्र कुवाबारा तोकिए या बाईंबद्दल. त्यांचं नाव त्या भिंतीवर कुठेच नाही.

कुवाबारा-सान, मानाने आम्ही त्यांना असंच म्हणायचो, आमच्या संस्थेच्या प्राणिघरात सत्तावीस वर्षं उंदीर सांभाळत होत्या. नवरा माकूळ पकडणाऱ्या बोटीवर होता. एका हिवाळ्यात बोट गेली ती परत आलीच नाही, तेव्हा या अडतीसच्या. मासळीबाजारात काम मिळत होतं, ते नको म्हणाल्या आणि इकडे आल्या. बुटक्या, पायात पांढरे रबरी बूट, केसांना जाळी. साडेअकरा वाजले की खाद्याचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायच्या आणि उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा खायच्या. उंदरांशी बोलायच्या, तेही लाडाने नव्हे, दटावून. "काय रे, परत भांडलास? कान बघ कसा करून घेतलास. आता बस वेगळ्या पिंजऱ्यात."

आणि बाटल्या. प्रत्येक पिंजऱ्याला पाण्याची एक बाटली उलटी लावलेली असते, तिला खाली पोलादी नळी. नळीचं रबर सैल असलं की पाणी ठिबकत राहतं, भुसा भिजतो, आणि उंदीर गारठून मरतात. असा अपघात झाला नाही असं प्राणिघर शोधून सापडायचं नाही. कुवाबारा-सानच्या हातून मात्र सत्तावीस वर्षांत एकदाही झाला नाही. त्यांची एक रीत होती. भरलेल्या सगळ्या बाटल्या आधी मेजावर जुन्या वर्तमानपत्रांवर उलट्या टांगायच्या. मग आपण जवाचा चहा प्यायचा, सावकाश. मग चष्मा लावून वाकून एकेका बाटलीखालचा कागद बघायचा. कुठे ओला ठिपका दिसला की ती बाटली बाद. विद्यार्थी चेष्टा करायचे, "मावशी, आज पेपरात काय?"

"काही नाही. कोरडा आहे," त्या म्हणायच्या. रोज तीच चेष्टा, रोज तेच उत्तर, आणि दोन्हीकडून कंटाळा नाही.

सेकिमोतो सेन्सेईंचा सगळा जन्म एका निरोपामागे गेला. शरीरात जखम झाली, जंतू शिरले, की पेशीच्या बाहेरून आत निरोप जातो: उठा, सूज आणा, मरू नका, वाढा. तो हातोहात पोचवायला प्रथिनांची एक साखळी असते. काम झालं की निरोप थांबला पाहिजे. ज्यांच्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज असते त्यांच्यात तो थांबतच नाही, दारावरच्या घंटीचं बटण आत अडकून बसावं तसं होतं. 'मरू नका, वाढा' ऐकत राहिलेल्या पेशी मग खरंच मरत नाहीत आणि वाढत सुटतात. तिथून गाठी, तिथून कर्करोग. सेन्सेईंनी त्या साखळीतल्या एका प्रथिनाला गप्प करणारं औषध तयार केलं होतं. गाठी असलेल्या उंदरांना ते दिलं की गाठी आक्रसायच्या. मी स्वतः मोजल्यात, खोटं नव्हतं ते. माणूस हुशार आहे, आणि तोच तर वैताग आहे. मूर्ख असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

औषध दिलेले साठ उंदीर होते. तिसऱ्या आठवड्यात, पाच दिवसांत, चार वेगवेगळ्या पिंजऱ्यांत मिळून त्यातले नऊ मेले. कुवाबारा-साननी रोजच्या वहीत लिहिलं, 'भुसा कोरडा. पोट फुगलेलं.' आणि पिशवीत घालून माझ्याकडे पाठवले.

पोटं मी उघडली. आतडी ओल्या कागदासारखी झाली होती, चिमटा लावला की फाटत होती. फाटलेलीच होती आधीपासून, घाण सगळी पोटभर पसरलेली. तो वास मात्र मला आला. खिडकी उघडून उभी राहिले.

अर्थ कळायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. जो निरोप गाठ वाढवतो तोच निरोप आतड्याचं अस्तर जगवतो. तो पुरता गप्प केला की काहींचं अस्तरच गळून पडतं. सगळ्यांचं नाही, सातांत एखाद्याचं. आणि महिन्याभरात शहरातल्या इस्पितळात अकरा माणसांना या औषधाचा पहिला डोस मिळणार होता. अकराही जणांची आतडी आधीच सुजलेली.

छायाचित्रं घेऊन मी वर गेले. सेन्सेईंनी एकेक बघितलं आणि मेजाच्या दुसऱ्या खणात पालथं ठेवलं.

"नऊ?"

"नऊ."

"पिंजरे ओले होते का?"

"नाही सेन्सेई. वहीत लिहिलंय, भुसा कोरडा."

"वही कुणाची? बाईंची ना? वय काय झालं त्यांचं, पासष्ट? त्या वयात दिसत नाही गं नीट. बाटली गळली असणार. आणि पाणी गळून मेलेले उंदीर प्रयोगात धरत नाहीत, तुला माहितेय."

"आतडी फाटलीत. गारठ्याने आतडं फाटत नाही."

त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला. स्वतःच्या हाताने. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "ओत्सुबो, अकरा माणसं वाट बघतायत. त्यांच्याकडे वर्ष नाही. नऊ उंदरांसाठी त्यांना ताटकळत ठेवायचं? आतड्याचं आपण बघू की. पुढच्या निबंधात."

वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि वर रुग्णांच्या नावाने गळा काढायचा. शिसारी आली मला त्या माणसाची. तरी मी तो चहा प्यायले. चांगला होता, हेही आठवतंय, आणि ते आठवलं की स्वतःचीच जास्त शिसारी येते.

आमच्याकडे चूक झाली की माफीनामा लिहून द्यावा लागतो. काय घडलं, कसं माझंच चुकलं, पुन्हा होणार नाही, आणि खाली सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का. माझं अक्षर चांगलं. सेन्सेई म्हणाले, "तूच लिहून दे. बाईंना फक्त शिक्का मारायचाय." मी लिहिला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे चार पिंजऱ्यांतील बाटल्या गळल्या.' एका बैठकीत लिहिला, खाडाखोड न करता.

सेन्सेई स्वतः प्राणिघरात उतरले. बुटांवर पिशव्या न चढवता तसेच आत शिरले आणि कुवाबारा-सानपुढे कमरेपर्यंत वाकले. प्राध्यापक माणूस झाडूवालीपुढे एवढा वाकला की तिथे उभ्या असलेल्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि नेमक्या त्यासाठीच तो वाकतो.

"तुम्हाला त्रास देतोय कुवाबारा-सान. कागदापुरतं आहे. कुणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही, मी आहे ना."

त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं. मग माझ्याकडे वळल्या. "अक्षर तुमचं का, ओत्सुबो-सान?"

"हो."

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण बाटल्या कोरड्या होत्या."

"माहितेय हो," मी म्हटलं. "पण रुग्ण अडून बसलेत. तुमच्या एका शिक्क्याने त्यांचं काम होतंय." हे वाक्य मी वरच्या मजल्यावरून उचलून आणलं होतं. उष्टं होतं, तरी त्यांच्या पानात वाढलं.

त्यांनी कमरेच्या बटव्यातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि मारला. सरळ, सुबक. "माणसांचं काय ते माणसांनी बघावं," म्हणाल्या आणि झाडू उचलला. सेन्सेई जिन्यात मला म्हणाले, "समजूतदार आहे बाई." सुंठीवाचून खोकला गेला होता त्यांचा.

'कुणी एक शब्द बोलणार नाही' म्हणाले होते ना. आठवड्याच्या आत प्राणिघराच्या भिंतीवर छापील पाटी लागली: बाटल्या दोन व्यक्तींनी तपासाव्यात. शेजारच्या प्रयोगशाळेने आपल्या पिंजऱ्यांच्या बाटल्या आपणच भरायला घेतल्या. काल आलेला एक विद्यार्थी त्यांना म्हणाला, "मावशी, आमच्या पिंजऱ्याकडे जरा नीट लक्ष द्या हं." त्या "हो" म्हणाल्या. साठीनंतर त्यांची नेमणूक दरसाल वाढवली जायची, ती मार्चनंतर वाढणार नाही असं कचेरीने कळवलं. आणि पेपरात काय, हे विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं. त्या मात्र बाटल्या टांगतच होत्या, चहा पीतच होत्या, वाकून कागद बघतच होत्या. मी तेव्हा प्राणिघरात जायची वेळ बदलून घेतली. साडेअकराच्या सुमारास जायचंच नाही.

आता दगडाचं सांगते. प्राणिघरामागे कमरेएवढा एक दगड उभा केलेला आहे. दर शरदात, दिवस-रात्र सारखी होते त्या आठवड्यात, सगळी संस्था काळे कपडे करून तिथे जमते आणि वर्षभरात आमच्या हातून मेलेल्या प्राण्यांचं श्राद्ध घालते. समोर ताटलीत उंदरांचं खाद्य, सूर्यफुलाच्या बिया, उदबत्ती. एकेकाने पांढरं शेवंतीचं फूल ठेवायचं. त्याआधी प्राणिघरातल्या सर्वांत जुन्या माणसाने यादी वाचायची: उंदीर इतके, ससे इतके. आणि त्या वर्षी आमच्या हलगर्जीपणाने जे फुकट मेले त्यांची वेगळी माफी मागायची. यादी वाचताना सगळ्यांच्या माना खाली, मधे कुणी खोकतसुद्धा नाही.

सेन्सेईंनी तिथेच घोळ घातला. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते, तिचे प्रमुख म्हणजे म्हातारे इनाबा सेन्सेई, जन्मभर मेलेल्यांची पोटं उघडून रोग ओळखलेला माणूस. नऊ उंदरांचा कागद त्यांच्यापुढे अजून पडून होता. सेकिमोतो सेन्सेई मला म्हणाले, "यादीत घाल. पाणीगळतीने नऊ. बाई स्वतःच्या तोंडाने दगडासमोर माफी मागतील, म्हातारा ऐकेल, विषय संपेल." बाईंनी शिक्का मारलाय म्हणजे बाई वाचतीलच, असं त्यांनी धरून चाललं होतं. मीही. दोघांनाही सुचलं नाही की शिक्का माणसांच्या कागदावर होता.

त्या दिवशी ऊन होतं. कुवाबारा-सान काळ्या किमोनोत होत्या, बुटांशिवाय आणखीच बुटक्या दिसत होत्या. मी टंकून दिलेला कागद त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागल्या. उंदीर दोन हजार एकशे चाळीस. ससे सोळा. मग 'आमच्या निष्काळजीपणाने' इथवर आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला. कागदाची घडी घातली, कमरेच्या पट्ट्यात खोचली. आणि दगडाकडे बघून, उंदरांना दटावायच्या त्याच आवाजात म्हणाल्या:

"तिसऱ्या खोलीतले नऊ जण. तुमचा भुसा कोरडा होता. बाटली गळली नव्हती. औषध पाजल्यावर तुमची पोटं फुगली आणि तुम्ही मेलात, मी बघितलंय. बाटली गळली म्हणून मी शिक्का मारून दिला. माणसांना दिला, तुम्हाला नाही देता येत. माझं चुकलं. माफ करा."

वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. मग बाजूला सरल्या, रिवाजाप्रमाणे.

रिवाजाप्रमाणे पुढचं फूल सेकिमोतो सेन्सेईंनी ठेवायचं होतं. त्यांनी ते ठेवलं आणि हसत हसत मागे वळले. "पासष्टी झाली. बाई भावनेच्या भरात काहीतरी बोलून गेल्या."

इनाबा सेन्सेई काठीवर रेलून उभे होते. "पोटं कुणी उघडली?" त्यांनी विचारलं.

कुवाबारा-सानना ठाऊक होतं. पिशव्या त्यांनीच माझ्याकडे पाठवल्या होत्या. त्या माझ्याकडे बघू शकल्या असत्या, बोट दाखवू शकल्या असत्या. त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या. आणि मी मूग गिळून गप्प. बावीस वर्षांची सवय, एका दुपारीत जाते होय?

"पोटं कुणी उघडली, विचारतोय मी."

"आमच्या ओत्सुबोने," सेकिमोतो सेन्सेई म्हणाले. "पण तिची छायाचित्रं काही कामाची नव्हती. अंदाजाने उघडते ती. आतडं बहुतेक तिच्याच कात्रीने फाटलं असेल."

माझ्या कात्रीने. बावीस वर्षं त्यांच्या निबंधांतल्या छायाचित्रांमधला प्रथिनांचा एकेक काळा पट्टा याच हातांनी काढून दिला, तेव्हा कात्री चांगली होती. माझं टाळकंच फिरलं. "छायाचित्रं स्वच्छ आहेत," मी म्हटलं. "सेन्सेईंच्या मेजाच्या दुसऱ्या खणात पालथी ठेवलीत. आणि नऊही उंदीर शीतपेटीत आहेत, पिशवीवर माझं नाव आणि तारीख आहे. आत्ता चला, दाखवते. बाईंचा माफीनामाही मीच लिहिलाय."

लोक नंतर माझ्या धैर्याचं कौतुक करत होते. धैर्य कसलं डोंबलाचं. बाईंवर खापर फुटलं तेव्हा मी गप्प होते. स्वतःच्या कात्रीवर फुटलं तेव्हा बोलले.

इनाबा सेन्सेईंनी त्याच काळ्या कपड्यांत, बाह्या सारून, नऊही पोटं पाहिली. एकही आतडं कात्रीने फाटलेलं नव्हतं. त्या औषधावरचा निबंध मागे घेतला गेला, अकरा माणसांचा डोस थांबला. औषध टाकून दिलेलं नाही, अस्तराला धक्का न लावता ते किती देता येईल याचा शोध आता दुसरी मंडळी घेतायत. त्या अकरांपैकी कुणाला कधी कळणार नाही की आपलं आतडं एका झाडूवाल्या बाईने वाचवलं असेल.

सेकिमोतो सेन्सेईंनाही माफीनामा द्यावा लागला. तो लिहायला त्यांनी कुणाला बोलावलं असेल? मला. निर्लज्जपणाची कमाल असते. 'कर्मचाऱ्यांमधील संवादाच्या अभावामुळे नोंदीत त्रुटी राहिली' असं त्यांनी सांगितलं, मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "अक्षर बिघडलंय माझं आता. तुमचं तुम्ही लिहा." त्यांनी लिहिलं. अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत. गालिचा परवाच धुतला.

मार्चमध्ये कुवाबारा-सानची नेमणूक संपली. संपली ती संपलीच, कचेरीचं म्हणणं की निर्णय आधीच झाला होता, त्याचा याच्याशी संबंध नाही. शेवटच्या दिवशी मी साडेअकराला खाली गेले. त्या डब्यावर बसून भाताचा गोळा खात होत्या. मी समोर जमिनीवर बसले, डोकं टेकलं.

"उठा हो, भुसा लागेल केसांना," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक काम कराल? मी शिक्का मारलेला तो कागद मला परत आणून द्या. घरी नेऊन जाळते."

मी कचेरीत गेले. एकदा, दोनदा, पाच वेळा गेले. तो कागद नोंद आहे, म्हणाले. मागे घेतला तर मागे घेतल्याचा कागद जोडता येईल, पण मूळ कागद काढता येत नाही. मग जोडा म्हटलं, तर त्यासाठी प्राध्यापकांचा शिक्का लागतो. सेकिमोतो सेन्सेईंचा. त्यांनी मारला नाही. वेळ मिळत नाही म्हणे.

म्हणजे असं झालंय की सत्तावीस वर्षांत त्या संस्थेत कुवाबारा तोकिए हे नाव असलेला एकच कागद जपून ठेवलाय, त्यावर लिहिलंय की त्यांच्या निष्काळजीपणाने बाटल्या गळल्या, आणि तो माझ्या अक्षरात आहे.

म्हणून हा दुसरा. हाही माझ्याच अक्षरात. कुवाबारा तोकिए यांची एकही बाटली कधी गळली नाही. खाली शिक्का मारलाय, ओत्सुबो.